इंदूरचा सराफा आणि सोन्यावर बसलेले दोन अणू

गुरुवार, रात्र

नाशिकहून रात्री नऊची स्लीपर, आली पावणेअकराला. असो, बसवाल्यांबद्दल लिहायला बसले तर इंदूर राहूनच जाईल.

जायचं कारण असं की इंदूरच्या एका कॉलेजनं केमिस्ट्रीच्या शिक्षकांसाठी छोटा कोर्स ठेवला होता आणि त्यात दोन तास मला दिले होते, विषय अतिजड मूलद्रव्यांचं रसायनशास्त्र, म्हणजे आवर्तसारणीत १०४ पासून पुढचे सगळे. माझं पीएचडीचं काम युरेनियम-थोरियमवर, तेही आता जुनं झालं. १०४ च्या पुढचं मी फक्त वाचलंय, हात लावलेला नाही. तसा तो कुणीच लावलेला नाही म्हणा, हात लावण्याइतकं ते कधी तयारच होत नाही.

पण खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते आत्यासाठी. आमचं घराणं सोनारकीचं, आजोबांनंतर नाशिकची पेढी बंद झाली, बाबा बँकेत लागले, मी केमिस्ट्रीत गेले, आणि धंदा राहिला तो फक्त आत्याच्या सासरी, इंदूरला. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अजून सराफ्यात बसतो. डिसेंबरची थंडी, चार दिवस आत्याच्या हातचं, आणि वर मानधन, नाही कशाला म्हणायचं!

धुळ्याला चहा प्यायले, मग सेंधव्याचा घाट झोपेत गेला आणि नर्मदाही झोपेतच गेली. याची चुटपुट लागून राहिली.

शुक्रवार

राजेंद्रनगरला उतरवतो म्हणाले होते, उतरवलं राऊच्या गोल चौराह्यावर. अजून अंधार आणि गारठा असा की रिक्षावाल्याशी भाव करायला तोंड उघडवेना. राजेंद्रनगरात शिरलं की मात्र बरं वाटतं, दारावरच्या पाट्या मराठी, अंगणात तुळशीवृंदावन, कुणीतरी सकाळी सकाळी अभंग लावलेले. हळूच एक काका हिंदीत दूधवाल्याला झापतात आणि वळून बायकोला मराठीत सांगतात, हे खास इंदूर.

आत्यानं पोहे केलेच होते, पण दादा म्हणाला घरचे पोहे नाशिकलाही मिळतात, चल. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेलो. इथे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेले असतात, वाफेवर सकाळभर गरम राहतात, त्यात बडीशेप, वर शेव, कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा इथला मसाला, आणि शेजारी जिलेबी. आपण पोह्यांना फोडणी देतो तसं इथे नसतंच जवळजवळ, त्यामुळे पहिला घास जरा सपक लागतो आणि मग तिसऱ्या घासाला जीरावन कळतं. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि घरी येऊन आत्याचे पण खाल्ले, तिला वाईट वाटू नये म्हणून.

काका (आत्याचे यजमान) निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी विचारलं, काय शिकवणार आहेस? मी सांगितलं, कोपर्निशियम, फ्लेरोव्हियम वगैरे, ११२ आणि ११४ नंबरचे. ही नावं यायच्या आधी लोक त्यांना एका-पारा आणि एका-शिसं म्हणायचे. काका लगेच सरसावून बसले, "एका? आपलं संस्कृत एक?" हो, तेच! मेंडेलीवनं १८७१ साली सारणीतल्या रिकाम्या घरांना नावं देताना संस्कृतातला 'एक' घेतला, ॲल्युमिनियमच्या खालचं पहिलं रिकामं घर म्हणजे एका-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचं एका-सिलिकॉन. पुढे १८७५ ला गॅलियम आणि १८८६ ला जर्मेनियम सापडलं आणि त्यानं सांगितलेले गुण बऱ्यापैकी जुळले. म्हणजे वरच्याचा स्वभाव बघून खालच्याचा सांगायचा. काका म्हणाले, सोयरीक बघताना आम्ही हेच करतो.

आता गंमत अशी की या अतिजड मंडळींच्या बाबतीत हा नियम चालतो का, एवढाच खरा प्रश्न आहे. अणूच्या गाभ्यात जितके प्रोटॉन जास्त तितके त्याच्या जवळचे इलेक्ट्रॉन वेगात फिरतात, ढोबळ हिशेब असा की अणुक्रमांकाला १३७ नं भागा, तेवढा प्रकाशवेगाचा हिस्सा. ११२ ला हे येतं ८२ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या वेगात सापेक्षतावाद आत घुसतो, काही कक्षा आक्रसतात, काही फुगतात, आणि मग पाऱ्याखाली बसलेला पाऱ्यासारखाच वागेल याची खात्री राहत नाही. १९७५ च्या सुमारास असं भाकीत आलं होतं की ११२ आणि ११४ हे धातूसारखे नाहीत, चक्क निष्क्रिय वायूसारखे वागतील. ते खरं की खोटं हे बघायला पुढची तीसहून जास्त वर्षं गेली.

दुपारी कोर्सवाल्यांनी गट करून कॅटला नेलं. नाव केव्हाच बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालंय पण इंदूरात रिक्षावाल्यापासून आत्यापर्यंत सगळे अजून कॅटच म्हणतात. इंडस-२ बघितलं, १७२ मीटरचा घेर, त्यात इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही ऊर्जेनं गोल गोल फिरतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. फार देखणं आहे, पण माझ्या विषयाचं हे यंत्र नव्हे, अतिजड मूलद्रव्य बनवायला जड अणूंचा मारा करणारं यंत्र लागतं, आणि भारतात आजवर असं मूलद्रव्य बनलेलं नाही. एका तरुण प्राध्यापकानं जरा खट्टू होऊन विचारलं की मग आपण कुठेच नाही का. तसं नाही. २०१४ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटला ११७ क्रमांकाची खातरजमा झाली त्या मोठ्या गटात कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचे आणि आयआयटी रुर्कीचे लोक होते.

शनिवार

माझा तास दहाला, प्रोजेक्टर बंद. वायर बदलली, लॅपटॉप बदलला, शिपाईमामांनी प्रोजेक्टरला एक चापट पण मारून बघितली. शेवटी खडू घेतला. पंचावन्न स्लाइड्स मातीत! रात्री जागून केलेल्या!

खडूनं काय सांगणार, तर हॅशियमची गोष्ट सांगितली. १०८ नंबर, सारणीत ऑस्मियमच्या खाली. ऑस्मियम ऑक्सिजनशी मिळून टेट्रॉक्साइड बनवतं, ते पटकन उडून जाणारं आणि भयंकर वासाचं. मग हॅशियमचं पण तसंच होतं का? २००१ मध्ये डार्मश्टाटला क्युरियमच्या पातळ थरावर मॅग्नेशियमच्या अणूंचा मारा केला, जे काही हॅशियम झालं ते हेलियम आणि ऑक्सिजनच्या झोतात गरम करून एका अरुंद नळीतून सोडलं, नळीचं एक टोक कोमट आणि दुसरं पार गोठवलेलं. जो रेणू लवकर चिकटेल तो कोमट बाजूला, जो उडता राहील तो थंड बाजूला. ऑस्मियमचा रेणू उणे ८२ अंशांच्या आसपास बसतो, हॅशियमचा बसला उणे ४४ ला. म्हणजे भाऊच, पण जरा जड पावलाचा. आणि ही सगळी माहिती किती रेणूंवरून? सात.

सात म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या, उज्जैनच्या असाव्यात, आणि म्हणाल्या, मॅडम, सात रेणूंना उत्कलनबिंदू असतो का? एका अणूला तर नाहीच नाही. मग याला केमिस्ट्री कसं म्हणायचं?

इतका छान प्रश्न माझ्या कॉलेजात मला सहा वर्षांत कुणी विचारला नाही. उत्तर मी दिलं ते बरोबर होतं पण कोरडं होतं. अणू नळीतून सरळ जात नाही, भिंतीला आपटतो, क्षणभर बसतो, उठतो, परत आपटतो, असं हजारो वेळा. ढीगभर अणू एकदा बसवून जी सरासरी काढतो तीच इथे एकाच अणूला ढीगभर वेळा बसवून निघते. भिंत जितकी थंड तितका तो प्रत्येक बैठकीला जास्त वेळ रेंगाळतो, आणि एका जागी इतका रेंगाळतो की तिथेच त्याचं आयुष्य संपतं. मरताना अल्फा कण सोडतो, मागे राहिलेला पुढे फुटतो, त्या दोन खुणा भिंतीतल्या डिटेक्टरला कळतात. तो जिवंत असताना कुणीच त्याला बघितलेलं नसतं, कुठे मेला एवढंच कळतं.

बाईंनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. चहाच्या वेळी मी त्यांना शोधलं तर त्या बस पकडायला गेल्या होत्या.

संध्याकाळी दादा स्कूटरवर राजवाड्याला घेऊन गेला. होळकरांचा सात मजली वाडा, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, रात्री दिवे लावतात तेव्हा समोरच्या बागेत माणसंच माणसं. मागच्या गल्लीत शिरलं की सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री आठ-नऊला शटर पडली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खाणं चालू. भुट्ट्याचा कीस, गराडू (थंडीतच मिळतो, कोनफळाच्या जातीतला कंद, तळून वर मसाला आणि लिंबू), खोपरा पॅटीस, आणि ताटाएवढी एकेक जिलेबी. गर्दीत माझ्या ओढणीला कुणाच्या तरी शिकंजीचा हात लागला, इथली शिकंजी दुधाची, लिंबाची नव्हे, त्यामुळे डाग अजून आहे.

खाता खाता दादाला सकाळचा प्रश्न सांगितला. तो कीस खात म्हणाला, "उद्या दुकानावर ये. रविवार आहे, गिऱ्हाईक नाही, मला नीट सांग."

रविवार

दुकान म्हणजे खाली आठ फुटांचा गाळा आणि वर अरुंद जिन्यानं गेलं की कारागिरांची खोली. दोन बंगाली कारागीर मांडी घालून बसलेले, पुढे लाकडी पाट, गॅसची बारीक ज्योत, चिमटे, मूस, वाटीत टाकणखार. वास तोच, आजोबांच्या खोलीचा, जळका आणि किंचित आंबट. मी दारातच थांबले जरा.

मग सांगायला लागले. ११२ चं, म्हणजे एका-पाऱ्याचं, २००७ मध्ये छापून आलं. रशियातल्या दुबनाच्या यंत्रावर स्वित्झर्लंडच्या गटानं काम केलं. प्लुटोनियमवर कॅल्शियम-४८ चा मारा, त्यातून आधी बनतं ११४, ते अर्ध्या सेकंदात ११२ होतं, आणि हे ११२ साधारण चार सेकंद टिकतं. चार सेकंदांत त्याला वायूच्या झोतात घालून नळीनं डिटेक्टरपर्यंत न्यायचं. आणि त्या डिटेक्टरच्या पट्ट्यांवर मुलामा कशाचा, तर सोन्याचा.

दादानं हातातलं काम खाली ठेवलं. "सोन्याचा कशाला?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर द्यायच्या आधी तोच म्हणाला, "अरे हो, पारा."

बस. शनिवारी पाऊण तास खडू झिजवून मला जे जमलं नाही ते सोनाराला दोन शब्दांत कळलं. पारा सोन्याला धरतो हे सोनाराच्या घरात शाळेत जायच्या आधी कळतं, आजी आम्हाला थर्मामीटरजवळ अंगठी घालून जाऊ द्यायची नाही. तेव्हा ११२ खरंच पाऱ्याच्या घरचा असेल तर सोनं दिसल्यावर धरेल, आणि निष्क्रिय वायूच्या वळणावर गेला असेल तर सोन्याला भाव न देता थेट थंड टोकाला जाईल. त्याच नळीतून तुलनेला साधा पारा आणि रेडॉन हा निष्क्रिय वायू पण सोडले होते, पारा तोंडाशीच सोन्याला चिकटला, रेडॉन पार शेवटाला गोठवलेल्या भागात. आणि ११२ चे अणू मिळाले दोन. दोघेही पाऱ्यापेक्षा बरेच पुढे, थंडीत गेले, पण रेडॉनइतके नाही. सोन्याला धरलं, पण हलक्या हातानं. म्हणजे घराणं पाऱ्याचं, फक्त पाऱ्याहून उडता.

दादा म्हणाला, ही तर कसोटीच झाली, आपण दगडावर सोनं घासून बघतो, हे सोन्यावर त्याला घासून बघतायत. हे वाक्य माझ्या डोक्यात का आलं नाही? पंचावन्न स्लाइड्समध्ये गोल्ड-कोटेड डिटेक्टर असं आठ वेळा लिहिलं होतं मी, एकदाही आजोबांची आठवण आली नाही. उज्जैनच्या बाईंना हे सांगायला हवं होतं. उत्कलनबिंदू जाऊ द्या, सोनं धरतो की नाही एवढं विचारा, ते एका अणूलाही विचारता येतं.

मग विषय मुलाम्यावर गेला. आजोबा पाऱ्याचा मुलामा करायचे, सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा गोळा करायचा, तो चांदीच्या मूर्तीवर चोळायचा आणि तापवायचं, पारा उडून जातो, सोनं राहतं. बंद खोलीत, खिडकी लावून, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. आता आमच्यात ते कुणी करत नाही, दादा पारा दुकानात ठेवतच नाही. आजोबांच्या हाताला शेवटी शेवटी कंप होता, घरात सगळे वय झालं म्हणायचे. एमएस्सीला पाऱ्याच्या वाफेबद्दल वाचलं तेव्हा मला कळलं. हे मी दादाला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. तो काही बोलला नाही, कारागिराला चहा सांगितला.

चहा आल्यावर त्याला सोन्याच्या रंगाचं सांगितलं. सोन्याचा नंबर ७९, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ ५८ टक्के वेगानं पळतात, त्यामुळे बाहेरच्या कक्षांमधलं अंतर कमी होतं आणि सोनं निळा प्रकाश गिळतं, उरतो तो पिवळा. हा परिणाम नसता तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसलं असतं. पारा पातळ आहे तोही बराचसा याच कारणानं. दादा म्हणे, म्हणजे आमचा धंदा आइनस्टाइनवर चालतो? म्हटलं, तो जन्मला नव्हता तेव्हाही सराफा होताच की.

११४ चं म्हणजे फ्लेरोव्हियमचं मात्र बराच काळ भांडण होतं, एका गटाला ते वायूसारखं वाटलं, दुसऱ्याला धातूसारखं. २०२२ मध्ये डार्मश्टाटच्या गटानं सांगितलं की सोन्याला धरतं, धातूच आहे, पण धातूंमध्ये सगळ्यात उडतं. आणि आता तर ११५ पर्यंत मजल गेलीय, मॉस्कोव्हियम, त्याचं आयुष्य सेकंदाचा पाचवा हिस्सा.

दादाला सगळ्यात जास्त आवडली ती बर्केलियमच्या पार्सलची गोष्ट. ११७ बनवायला बर्केलियम लागत होतं, अमेरिकेतल्या ओक रिजच्या रिॲक्टरमध्ये कित्येक महिने भाजून २२ मिलिग्रॅम झालं. दादानं लगेच गुंजेत काढलं, गुंजेचा पाचवा भाग पण नाही. ते साधारण ३३० दिवसांत निम्मं होतं, म्हणजे मिनिटं मोजायची वेळ, आणि रशियन कस्टम्सनं कागद अपुरे म्हणून दोनदा परत पाठवलं! त्या पार्सलनं अटलांटिक पाच वेळा ओलांडला. शेवटी पोचलं, दुबनाला काही महिने त्यावर मारा केला, २०१० साली जाहीर झालं, ११७ चे सहा अणू.

"बावीस मिलिग्रॅम देऊन सहा अणू?" दादा अक्षरशः उठून उभा राहिला. "घट किती ही! असला कारागीर मी दुसऱ्या दिवशी हाकलीन."

मी म्हटलं, जपान्यांचं ऐक, ११३ साठी नऊ वर्षांत तीन अणू. तर म्हणे पगार चालू होता ना त्यांचा.

निघताना त्यानं कोपऱ्यातला पत्र्याचा डबा दाखवला. खोलीतला सगळा केर, पाटाखालची धूळ, कारागिरांचे हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं त्यात जमा होतं आणि वर्षाकाठी झारेकरी (केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा) येऊन घेऊन जातो, पैसे देऊन. लहानपणी आमच्याकडेही यायचा, मला वाटायचं वेडा आहे, कचरा विकत घेतो.

सोमवार

परतीला मुद्दाम दिवसाची बस घेतली, नर्मदेसाठी. आत्यानं डब्यात शेव, जीरावनची दोन पाकिटं, आणि पोह्यांवर घालायची बडीशेप पण बांधून दिली, जशी काही नाशकात बडीशेप मिळत नाही. काकांनी एक चिठ्ठी दिली, त्यावर ११९ चं नाव काय असेल याचा त्यांचा हिशेब, एका-फ्रान्सियम, खाली सही आणि तारीख.

मानपूर उतरलं की हवा बदलते, स्वेटर काढावा लागला. खलघाटच्या पुलावर बसमधल्या दोघीतिघींनी खिडकीतून नाणी टाकली, मीही रुपया टाकला, तो कठड्याला लागून बहुतेक पुलावरच राहिला. पाणी हिवाळ्यातलं, संथ, हिरवट.

सेंधव्याला जेवायला थांबली तेव्हा दादाचा मेसेज आला होता, दुकानातूनच टाइप केलेला असणार, निम्मा हिंदीत. विचारत होता की ते दोन अणू बसले त्या पट्टीवरच्या सोन्याचं नंतर काय करतात. झारेकऱ्याला देतात का?

मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात बसनं हॉर्न दिला आणि शेवेचा डबा मांडीवरून सांडला.